क्लार्क्सबर्ग आणि टेन माइल क्रीक: मलवाहिनीच्या अडसराची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातल्या मॉन्टगोमेरी काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) एखाद्या जमिनीवर काय उभे राहणार, हे नुसता झोनिंगचा नकाशा पाहून कळत नाही. दहा वर्षांच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण आराखड्यात त्या जमिनीची श्रेणी कोणती, तेही पाहावे लागते. क्लार्क्सबर्ग हे गाव आणि त्याच्या पश्चिमेचा टेन माइल क्रीक हा ओढा यांची गोष्ट हेच दाखवते. पाण्याची श्रेणी ‘डब्ल्यू’, सांडपाण्याची ‘एस’. 1 म्हणजे वाहिनी आहे किंवा तिचे काम चालू आहे. 3 म्हणजे जोडणीला मंजुरी आहे. 4 आणि 5 म्हणजे दहा वर्षांच्या आत पुढे कधीतरी. 6 म्हणजे सार्वजनिक सेवा नियोजनातच नाही. श्रेणी 2 ही काउंटी वापरत नाही. झोनिंग कार्यालयांना परवानगी देत असले आणि श्रेणी एस-6 असली, तर सेप्टिक टँक आणि शोषचरांना (टाकीचे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या चरांना) झेपेल तेवढेच बांधकाम होते. बाहेरून जमीन घ्यायला येणारा इथेच फसतो. एस-3 मिळाली तरी वाहिनी टाकण्याचा खर्च बहुतेकदा विकासकाचाच असतो, आणि खालच्या बाजूच्या मुख्य वाहिनीत जागा आहे का हा प्रश्न वेगळा उरतो.

काउंटीच्या 1964 च्या सर्वसाधारण आराखड्याने वाढ आजच्या आय-270 महामार्गालगत ठेवायची आणि मधले पट्टे मोकळे राखायचे असे ठरवले. त्याआधीच अणुऊर्जेचे केंद्रीय मुख्यालय जर्मनटाउनला आले होते. 1966 मध्ये केंद्रीय मोजमाप-प्रयोगशाळा गेदर्सबर्गला आणि 1969 मध्ये उपग्रह-दळणवळणाची प्रयोगशाळा क्लार्क्सबर्गला आली. रोजगार असा उत्तरेकडे सरकत गेला. सांडपाणी मात्र उताराने ओढ्यांच्या खोऱ्यांतून वाहते, आणि त्यातले बरेचसे शेवटी वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्स प्रक्रिया केंद्रातच जायचे.

तिथे क्षमता संपली. मे 1970 मध्ये राज्याने काउंटीच्या मोठ्या भागात नव्या मलजोडण्या थांबवल्या. बांधकाम व्यावसायिक न्यायालयात गेले. 1975 मध्ये फेडरल न्यायालयाने बंदी वैध ठरवली, कारण क्षमता वाढवण्याचा कार्यक्रम खरोखर चालू होता. काउंटीने डिकरसनला पोटोमॅक नदीच्या काठी दिवसाला 6 कोटी गॅलनचे स्वतःचे प्रक्रिया केंद्र बांधायचा प्रस्ताव मांडला होता. त्याचे प्रक्रिया केलेले पाणी पिण्याच्या पाण्याच्या उपशाच्या वरच्या अंगाला नदीत सुटणार होते. 1976 मध्ये केंद्र सरकारने निधी नाकारला. आज ब्लू प्लेन्सची क्षमता दिवसाला 37 कोटी गॅलन, म्हणजे सुमारे 140 कोटी लिटर आहे. त्यातले 16.96 कोटी गॅलन मॉन्टगोमेरी आणि शेजारची काउंटी यांचे मिळून. हा वाटा कराराने बांधलेला आहे. मनाला येईल तेव्हा वाढवता येत नाही.

बंदीचा एक परिणाम कुणाच्या हिशेबात नव्हता. मलवाहिनी नाही म्हणून घरे थांबली नाहीत, ती शेतांवर गेली. 1973 नंतर ग्रामीण भागात पाच एकरांना एक घर असा नियम आला. मातीत पाणी मुरण्याची चाचणी पास झाली की भूखंड पाडता यायचा. शेतीला लहान आणि घराला अवाढव्य अशा तुकड्यांनी जमीन वेगाने संपू लागली. म्हणून 1980 मध्ये सुमारे 93,000 एकर शेतीसाठी राखून पंचवीस एकरांना एक घर ही मर्यादा आली. मालकाला दर पाच एकरांमागे एक विकास हक्क विकायची मुभा दिली गेली. मुंबई-पुण्याच्या वाचकाला टीडीआर (हस्तांतरित करता येणारा विकास हक्क) नवा नाही, पण इथे हक्क जिथे उतरतो तिथे मलवाहिनी असल्याशिवाय त्याला किंमत नाही.

नेमके हेच क्लार्क्सबर्गमध्ये झाले, आणि काउंटीच्या या सगळ्या इतिहासात सर्वांत वादग्रस्त निर्णय तोच आहे. 1994 च्या मास्टर प्लॅनने गावाची वाढ चार टप्प्यांत बांधली. चौथा टप्पा मुख्यतः महामार्गाच्या पश्चिमेकडच्या टेन माइल क्रीकच्या पाणलोटाचा. हा ओढा लिटल सेनेका जलाशयाला मिळतो. दुष्काळात पोटोमॅकची पातळी घसरली की वॉशिंग्टन परिसरासाठी या जलाशयातून पाणी सोडतात आणि ते साधारण दिवसभरात उपशापाशी पोहोचते. वरच्या खोऱ्यातल्या मोठ्या धरणाच्या पाण्याला नऊ दिवस लागतात. मलवाहिनी उताराने न्यायची तर ती थेट याच जलाशयाच्या दिशेने जाते. मग सांडपाणी तळाला गोळा करून पंपाने कड्यापलीकडे चढवावे लागते. वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही किंवा दाबवाहिनी फुटली, की मैला पिण्याच्या राखीव पाण्यात. ओढ्याकाठच्या मॅनहोलमध्ये पावसाचे पाणी शिरले, तर तोच पंप अपुरा पडतो.

प्लॅनने झोनिंग दिले, पण श्रेणीबदल रोखून धरला. आधी ओढ्यांच्या जैविक स्थितीची मूळ नोंद, पूर्वेकडच्या दोन भागांत 2,000 घरांचे परवाने आणि तिथल्या पावसाळी पाण्याच्या उपायांचे मूल्यमापन, इतके झाल्यावर काउंटीची लोकनियुक्त परिषद निर्णय घेणार होती. तिच्यापुढे पर्याय चार होते: श्रेणी देणे, अटींसह देणे, लांबणीवर टाकणे किंवा जमीन-वापरच बदलणे. हा चौथा पर्याय फारसे कुणी गांभीर्याने वाचला नाही. एका बांधकाम कंपनीने 2004 ते 2006 या काळात सुमारे 540 एकरांचे हक्क आणि वर तीनशेहून अधिक टीडीआर घेतले.

दरम्यान पूर्वेकडे बांधकामाच्या काळात ओढ्यांतल्या किड्यांची आणि माशांची स्थिती खालावल्याचे नोंदींत दिसले. गाळ-सापळे आणि तळी नियमाप्रमाणे होती. तरी मोठ्या प्रमाणावर माती हलवल्यावर लहान ओढे टिकले नाहीत. घरांची अट पूर्ण झाली, पण श्रेणीबदलाचे अर्ज पुढे सरकले नाहीत. 2014 मध्ये परिषदेने चौथाच पर्याय निवडला: प्लॅन दुरुस्त झाला, पश्चिमेकडे डांबर, काँक्रीट, छपरे मिळून अभेद्य, म्हणजे पाणी न मुरणाऱ्या, पृष्ठभागाला 6 टक्क्यांची मर्यादा आली आणि घरांची संख्या कोसळली. याविरुद्ध त्या बांधकाम कंपनीने केलेला दावा 2018 मध्ये फेडरल अपील न्यायालयातही टिकला नाही. 1994 च्या प्लॅननेच निर्णय परिषदेच्या मर्जीवर ठेवला होता. त्यामुळे जास्त घनतेच्या झोनिंगवर कंपनीचा हक्क निर्माणच झाला नव्हता.

निर्णय योग्य होता, कारण राखीव पाण्याचा असा साठा या परिसराजवळ दुसरा नाही. पण वीस वर्षे झोनिंगच्या नकाशावर वाढ दाखवत राहण्याची किंमत जमीनमालकांनी मोजली, आणि तिथल्या रहिवाशांनीही. नगरकेंद्र वर्षानुवर्षे अर्धवट राहिले. 2016 मध्ये आउटलेट मॉल सुरू झाला तोही महामार्गाच्या पश्चिमेला, पण शेजारच्या कॅबिन ब्रँच भागात. तो 1994 च्या टप्प्यांत आधीच्या क्रमांकावर होता आणि त्याला मलवाहिनी मिळाली होती.

श्रेणी मिळवायच्या आडवाटाही आहेत. मुख्य वाहिनी भूखंडाला लागून असेल तर एकच जोडणी मिळू शकते. सेप्टिक निकामी झाले तर आरोग्याच्या कारणाने सवलत मिळते. प्रार्थनास्थळे आणि खासगी शाळांना पूर्वी वाहिनीच्या हद्दीबाहेरही श्रेणी मिळायची. शेतीच्या राखीव पट्ट्यात ती वाट 2005 मध्ये बंद झाली. तिथे आता मोठ्या सभागृहाचा आकार शोषचरांच्या क्षमतेवरच ठरतो.