जनुक बिघडणं वेगळं, जनुक चालू होणं वेगळं

नागपूरच्या नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात पोचतं. त्यावर कुठेही लिहून आलं की एक वाक्य ठरलेलं असतं: ‘रसायनांमुळे माशांची जनुकं बदलली.’ सांडपाण्यातल्या, हार्मोनची नक्कल करणाऱ्या रसायनांचा मुख्य परिणाम हा नव्हेच. आणि या वाक्यावर विसंबून चाचणी निवडली तर नमुने अन् पैसे दोन्ही वाया जातात.

डीएनएमधल्या अक्षरांचा क्रम बदलणं म्हणजे उत्परिवर्तन. ते शाळेतच झालंय, पुढे जाऊ.

विटेलोजेनिन हे बलकाच्या प्रथिनाचं जनुक घ्या. ते नराच्या यकृतातही असतं, अगदी धडधाकट, पण जवळजवळ बंद. गर्भनिरोधक गोळ्यांतलं इथिनिलएस्ट्रॅडिऑल किंवा काही औद्योगिक डिटर्जंटांतून तयार होणारं नोनिलफिनॉल यकृताच्या पेशीत शिरून इस्ट्रोजेन या मादीच्या हार्मोनच्या ग्राहीला, म्हणजे ते हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. ही जोडी डीएनएवरच्या ठरावीक जागी बसते आणि जनुक चालू होतं. नर बलकाचं प्रथिन बनवू लागतो. त्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही. उलट फार साचलं तर मूत्रपिंडाला इजा होते. या सगळ्यात डीएनएचं एक अक्षरही हललेलं नसतं.

म्हणून इथे डीएनएचा क्रम वाचून काही हाती लागत नाही. कॉमेट चाचणीही नको, ती डीएनएची तुटफूट दाखवते. यकृतातला आरएनए, म्हणजे चालू जनुकाची पेशीत निघणारी नक्कल, काढा आणि क्यूपीसीआर करा; त्यात ही नक्कल सायकलगणिक दुप्पट करत तिचं प्रमाण मोजतात.

नमुन्याला प्रौढ नरच घ्या. पावसाळ्यात विणीला आलेल्या रोहूच्या मादीत हे जनुक एरवीही जोरात चालू असतं; नर-मादी एकत्र केले की आकड्यांना अर्थ उरत नाही. मासा मारल्यावर काही मिनिटांतच यकृताचा अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ तुकडा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात टाका. तुकडा जाड असेल तर द्रावण आतवर पोचायच्या आत आरएनए तुटतो. फॉर्मॅलिन तर नकोच. तुलनेसाठी नेहमी सारखंच चालू राहणारं जनुक लागतं; त्यासाठी एकट्या बीटा-अॅक्टिन या जनुकावर विसंबू नका, तेही रसायनाने हलू शकतं. अशी किमान दोन स्थिर जनुकं ठेवा. एका सायकलचा फरक म्हणजे साधारण दुप्पट आरएनए, दहा सायकलचा म्हणजे सुमारे 1024 पट.

चालू झालेलं जनुक बंदही होतं. कॅनडात ऑन्टारिओतल्या ‘लेक 260’ या प्रायोगिक तलावात 2001 ते 2003 दरम्यान उन्हाळ्यात इथिनिलएस्ट्रॅडिऑल सोडलं, लिटरला 5-6 नॅनोग्रॅम. तिथले फॅटहेड मिनो हे छोटे मासे जवळपास संपले. रसायन थांबवल्यावर काही वर्षांनी त्यांची संख्या सावरली. मात्र पिल्लू वाढत असतानाच मारा झाला तर जननग्रंथींची रचना कायमची बिघडू शकते.

अहवालात आरएनए मोजला की रक्तातलं प्रथिन, हे स्पष्ट लिहा. रसायन थांबल्यावर आरएनए काही दिवसांत उतरतो, प्रथिन मात्र कित्येक आठवडे रक्तात राहतं.