ऑस्टिनची प्रभागनिहाय निवडणूक (‘टेन-वन’ पद्धत)

अमेरिकेतील टेक्सस राज्याची राजधानी ऑस्टिन येथील नगर परिषदेची निवडणूक २०१४ पासून प्रभागनिहाय होते. दहा प्रभागांतून एकेक नगरसेवक आणि सगळ्या शहराच्या मतांनी एक महापौर, म्हणून तिथे या पद्धतीला ‘टेन-वन’ म्हणतात. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. शहराच्या सनदेतील (कारभाराच्या मूळ नियमावलीतील) हा बदल मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये मंजूर केला. त्याआधी १९७३ ते २००२ या काळात प्रभाग पाडण्याचे सहा प्रस्ताव त्यांनीच फेटाळले होते.

जुनी पद्धत. महापौर आणि सहा नगरसेवक अशा सातही जागांसाठी सर्व शहर मत देत असे. मुंबईत २२७ प्रभागांतून एकेक नगरसेवक येतो, पुण्यात बहुतेक प्रभागांत चौघांचे पॅनेल असते. ऑस्टिनमध्ये मात्र अख्खे शहर हाच एक प्रभाग होता. ‘जागा क्रमांक चार’ म्हणजे चौथा विभाग नव्हे. उमेदवाराने कोणत्या खुर्चीसाठी अर्ज भरला एवढेच त्यावरून कळे. तो राहतो कुठे याला महत्त्व नव्हते. सगळ्या शहरात प्रचार करायचा तर पैसा लागतो, त्यामुळे नगरसेवक बहुधा मध्य आणि पश्चिम भागातील सुस्थित वस्त्यांतून येत.

खुर्च्यांना क्रमांक देण्यामागेही एक कथा आहे. पूर्वी सर्वाधिक मते मिळवणारे पहिले पाच जण निवडून येत. १९५१ मध्ये आर्थर डिविटी हे कृष्णवर्णीय उमेदवार विजयाच्या अगदी जवळ पोहोचले. पाच मते हाती असताना एकालाच मत देऊन बाकीची कोरी सोडायची, म्हणजे त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना मते जात नाहीत, ही अल्पसंख्य मतदारांची युक्ती तेव्हाच्या पद्धतीत चालून जाई. १९५३ मध्ये क्रमांकित जागा आल्या, प्रत्येक जागेसाठी निम्म्याहून अधिक मतांची अट आली आणि ती वाट बंद झाली.

अलिखित समझोता. १९७० च्या दशकापासून शहरात ‘सज्जनांचा करार’ पाळला जाई: एक जागा कृष्णवर्णीयासाठी, एक मेक्सिकन वंशाच्या व्यक्तीसाठी, आणि त्या जागांवर गोऱ्या उमेदवाराला शहरातील धनिक मंडळी पाठबळ देत नसत. कागदावर काही नव्हते. हे आरक्षण म्हणावे तर मत मात्र सगळ्या शहराचे, म्हणजे अल्पसंख्याकांचा प्रतिनिधी कोण हे ठरवणार बहुसंख्य! तरी या समझोत्यानेच जुनी पद्धत तगवली. शहरव्यापी मतदानामुळे अल्पसंख्याकांच्या मताला किंमत उरत नाही, असा दावा न्यायालयात गेला, तेव्हा त्यांचे उमेदवार सातत्याने निवडून येत असल्याकडे बोट दाखवता आले. १९८९ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयात फिर्यादी हरले.

२०१२ चे मतदान. त्या वर्षी मतपत्रिकेवर दोन प्रस्ताव होते. एक १०-१ चा, नागरिकांनी वीस हजारांहून अधिक सह्या गोळा करून आणलेला. दुसरा ८-२-१ चा, म्हणजे आठ प्रभाग, दोन शहरव्यापी जागा आणि महापौर. दोन्हींना बहुमत मिळाले. पहिल्याची मते अधिक असल्याने तो लागू झाला. त्याच दिवशी मतदारांनी नगर परिषदेची निवडणूक मे महिन्यातून नोव्हेंबरमध्ये नेली. मे महिन्यात मतदानाला फारच थोडे लोक येत, त्यामुळे हा बदलही प्रभागांइतकाच परिणामकारक ठरला.

सीमा आखणारे. १०-१ प्रस्तावाचा खरा विशेष नकाशा कोण काढणार यात आहे. महाराष्ट्रात प्रारूप प्रभागरचना प्रशासन करते आणि नागरिक त्यावर हरकती घेतात. ऑस्टिनमध्ये पेन्सिलच नागरिकांच्या हाती दिली गेली. कॅलिफोर्नियातील मतदारसंघ आखणाऱ्या राज्यस्तरीय आयोगाच्या धर्तीवर चौदा जणांचा स्वतंत्र आयोग नेमला गेला. तीन लेखापरीक्षकांनी अर्जदारांतून साठ नावे निवडली, त्यांतून आठ सोडतीने काढली आणि त्या आठांनी उरलेले सहा निवडले, म्हणजे भाग, वंश, स्त्री-पुरुष यांचा तोल साधता यावा. लॉबी करणारे (दुसऱ्यांसाठी सत्ताधाऱ्यांकडे वजन वापरणारे) आणि राजकीय सल्लागार यांना मज्जाव होता. सदस्याला पुढची दहा वर्षे नगर परिषदेची निवडणूकही लढवता येत नाही. २०१० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७,९०,३९० होती, म्हणजे एका प्रभागात सुमारे ७९ हजार लोक. लोकसंख्या सारखी हवी, मतदानात वंशभेदाला मनाई करणाऱ्या १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचे पालन हवे, प्रभाग सलग हवा, एका हितसंबंधाच्या वस्त्या तुटू नयेत, आणि विद्यमान नगरसेवकाचे घर कुठे आहे ते पाहायचे नाही, असे नियम होते. अंतिम नकाशा २०१३ च्या अखेरीस झाला.

१९२८ ची रेषा. सगळ्यांत अवघड होती पूर्व भागातील प्रभाग १ ची आखणी. वंशानुसार वस्त्या वेगळ्या करणारा स्थानिक कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्येच बाद ठरवला होता, म्हणून १९२८ च्या ऑस्टिन शहर आराखड्याने आडवाट धरली: कृष्णवर्णीयांच्या शाळा, बागा व इतर सोयी फक्त पूर्व भागात द्यायच्या, म्हणजे लोक आपोआप तिकडे जातील. ते गेले. १९६० च्या दशकात पूर्व आणि पश्चिम यांच्या मधून आंतरराज्य महामार्ग ३५ गेला. प्रभागांची मागणी झाली ती या एकवटलेल्या वस्तीच्या जोरावर. पण ती मान्य होईपर्यंत घरांचे भाव चढले होते आणि शहर झपाट्याने वाढत असताना २००० ते २०१० दरम्यान कृष्णवर्णीयांची संख्या चक्क घटली होती. बहुसंख्य कृष्णवर्णीय असा एकही प्रभाग आखता येईना. प्रभाग १ त्यांना संधी मिळावी अशा बेताने काढला गेला. आणखी वीस वर्षे आधी तो अधिक सहज काढता आला असता.

पहिली निवडणूक. ४ नोव्हेंबर २०१४ ला मतदान झाले. बहुतेक प्रभागांत कोणालाच निम्मी मते न मिळाल्याने १६ डिसेंबरला दुसरी फेरी घ्यावी लागली. महापौर म्हणून स्टीव्ह ॲडलर निवडून आले. जुन्या नगरसेवकांपैकी फक्त कॅथी टोव्हो परतल्या. अकरापैकी सात स्त्रिया होत्या. प्रभाग १ मधून कृष्णवर्णीय ओरा ह्यूस्टन आल्या. तीन लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) सदस्यांत डेलिया गार्झा या परिषदेतील पहिल्या लॅटिना, म्हणजे त्या वंशाच्या पहिल्या स्त्री. उदारमतवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहराच्या कडेच्या उपनगरांतून डॉन झिमरमन यांच्यासारखे कट्टर करविरोधकही आले; शहरव्यापी मतदानात ते येणे कठीण होते. प्रभाग ३ मध्ये साबिनो ‘पिओ’ रेंतेरिया दुसऱ्या फेरीत आपल्या सख्ख्या बहिणीला, सुसाना अल्मान्झा यांना, हरवून निवडून आले. २०१८ मध्ये बहीणभाऊ पुन्हा समोरासमोर उभे राहिले आणि निकाल तोच लागला.

सगळ्या जागा एकदमच भरल्या गेल्याने कोणाची मुदत दोन वर्षांची आणि कोणाची चार वर्षांची हे चिठ्ठ्या टाकून ठरवले. पुढच्या निवडणुका आलटून पालटून होऊ लागल्या.

फेरआखणी. दर जनगणनेनंतर नवा आयोग बसतो. २०२० मध्ये लोकसंख्या ९,६१,८५५ झाली, तेव्हा प्रभागाचा आकार सुमारे ९६ हजारांवर गेला. दुसऱ्या आयोगाने २०२१ मध्ये नवा नकाशा मंजूर केला आणि २०२२ ची निवडणूक त्यावर झाली.