लक्सुरिया (लक्झरी शब्दाचं लॅटिन मूळ)

लक्झरी हा शब्द आपण फ्लॅटला लावतो, गाडीला लावतो, रात्रीच्या खाजगी बसलापण नुसतं लक्झरीच म्हणतो. मूळ लॅटिनमध्ये मात्र ही शिवी नसली तरी ठपका नक्की होता. लक्सुस म्हणजे अतिरेक, चैन, आणि त्यावरून लक्सुरिया. उजेडाला लॅटिनमध्ये लुक्स म्हणतात म्हणून काहीजण दोन्ही जोडतात, पण तो शब्द वेगळा.

लक्सुरिया शेतातही असायची. इ.स.पू. पहिल्या शतकातला कवी व्हर्जिल शेतीवरच्या काव्यात सांगतो की पीक कोवळं असतानाच फार फोफावलं तर शेतकरी ते जनावरांना चारून घेतो, नाहीतर पुढे कणसांच्या भाराने ताटं आडवी होतात, आणि त्या फोफावण्याला तो हाच शब्द वापरतो. आपला माज बरोबर इथे बसतो, गवत माजतं, पैसा आला की माणूस माजतो आणि जनावर माजावर येतं. लॅटिन शब्द ह्या तिन्ही वाटांनी गेला.

रोमन लोकांनी चैनीवर चक्क कायदे केले. रोमचा शत्रू असलेल्या कार्थेजच्या हॅनिबल ह्या सेनापतीकडून कानाईच्या लढाईत मोठा मार खाल्ल्यावर, इ.स.पू. 215 मध्ये ओप्पियन कायदा आला, बायकांनी अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं बाळगायचं नाही, रंगीत कपडे घालायचे नाहीत, धार्मिक काम सोडून शहरात गाडीत बसायचं नाही. युद्ध संपलं तरी कायदा तसाच, शेवटी इ.स.पू. 195 मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या आणि कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) कॅटोचा कडक विरोध असूनही तो रद्द झाला, हे मला ह्या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात भारी वाटतं. इ.स.पू. 161 चा फानियन कायदा तर ताटापर्यंत गेला, जेवणात कोंबडी एकच, तीही मुद्दाम खाऊ घालून पुष्ट केलेली नको.

पुढे ख्रिस्ती धर्माच्या सात महापापांत लक्सुरिया म्हणजे कामवासना झाली. म्हणून स्पॅनिशमध्ये आजही लुखो म्हणजे चैन पण लुखुरिया म्हणजे वासना, इटालियनमध्ये तसंच लुस्सो आणि लुस्सुरिया. इंग्रजीतसुद्धा लक्झरी आधी वासनाच होती, शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये बापाचं भूत हा शब्द त्याच अर्थाने वापरतं, आणि ऐषआरामाचा अर्थ इंग्रजीत 17 व्या शतकात रुळायला लागला.