ट्रेंड नव्हे, तो सीझन आहे

ऑगस्टच्या शेवटी सोशल मीडियाचं काम बघणारं कुणीतरी मीटिंगमध्ये आलेख उघडतं: मोदकांचा सर्च गेल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा कितीतरी वर गेलाय, ट्रेंड सुरू झालाय, तेव्हा वर्षभराचं रील्सचं पॅकेज घेऊन टाका. दादर-गिरगावातला दुकानदार मान डोलावतो. सीझन म्हणजे काय, हे त्याला समोरच्यापेक्षा जास्त कळतं, पण स्क्रीनवर तोच सीझन ट्रेंडचं नाव लावून आला की त्याचीही गफलत होते.

व्हायरल ही तिसरीच गोष्ट, ती दोन ओळींत उरकू. एखाद्या ऑडिओवर सगळे रील्स करतात आणि पंधरवड्यात विसरतात. त्यावरून पुढच्या वर्षाचं काही ठरवायचं नसतं. शिवाय गाजलेली गाणी धंद्याच्या जाहिरातीत वापरायचे हक्क सहसा मिळालेले नसतात, त्यामुळे रीलचा आवाज बंद होतो किंवा रीलच उतरवलं जातं. हा नाद सोडलेला बरा.

खरी फसगत होते ती तारखेने. आपले सण तिथीने येतात आणि आलेख इंग्रजी महिन्यांनी चालतो. गणेश चतुर्थी 2023 साली 19 सप्टेंबरला होती (त्या वर्षी अधिक श्रावण), 2024 ला 7 सप्टेंबरला, 2025 ला 27 ऑगस्टला. म्हणजे 2024 चा अख्खा ऑगस्ट तयारीचा होता आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये चतुर्थी आणि दीड दिवसाचं विसर्जन दोन्ही उरकलं. ऑगस्टशी ऑगस्ट ताडला तर उसळी दिसणारच! आणि सप्टेंबरशी सप्टेंबर ताडला तर तीच मंडळी सांगतील की मोदक उतरणीला लागले. मागणी तीच, फक्त 11 दिवस आधी आली. दिवाळीचंही तसंच. 2023 ला लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, त्यामुळे फराळाचे ऑक्टोबरचे आकडे दरवर्षी काहीतरी वेगळंच सांगतात.

उपाय सोपा आहे, पण करायचा कंटाळा येतो. शीटमध्ये तारखेच्या शेजारी एक रकाना वाढवा: तारीख वजा त्या वर्षीच्या चतुर्थीची तारीख. चतुर्थी म्हणजे 0, महिनाभर आधी उणे 30, शेवटी, अनंत चतुर्दशीला, साधारण अधिक 10. पुढे रीच (पोस्ट किती जणांपर्यंत पोचली), सेव्ह, व्हॉट्सअ‍ॅपवरची विचारणा आणि पक्क्या ऑर्डरी. मग यंदाचे उणे 21 ते उणे 1 गेल्या वर्षीच्या त्याच दिवसांशी ताडा. पैसे देऊन मिळवलेला रीच वेगळा लिहा. सणात सगळेच जाहिराती लावतात, जाहिरातीच्या जागेचा लिलाव महागतो आणि तेवढ्याच पैशात कमी लोकांपर्यंत पोचता येतं. त्याला ‘लोकांचा रस कमी झाला’ म्हणू नये. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे आकडेवारीच्या पानावर, जुने दिवस कायम हाताशी नसतात, म्हणून आकडे दर आठवड्याला उतरवून ठेवा.

कुठला शब्द कधी किती शोधला जातो त्याचा आलेख दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सबद्दलही एक. तिथला आकडा म्हणजे किती जणांनी शोधलं ते नव्हे. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात सर्वांत वरचा बिंदू म्हणजे 100, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. काळ बदला, 100 बदलतो. एका स्क्रीनशॉटमधल्या 60 चा दुसऱ्यातल्या 60 शी काही संबंध नसतो, तरी असे दोन तुकडे शेजारी चिकटवलेले प्रेझेंटेशनमध्ये सर्रास दिसतात. महाराष्ट्र निवडा, 5 वर्षं निवडा, आणि देवनागरी व रोमन स्पेलिंग अधिकचं चिन्ह घालून एकत्र शोधा. शेवटचा तुटक रेषेचा भाग अपुऱ्या आकड्यांचा असतो, त्यावर बोलू नका.

आता ट्रेंड ओळखायचा कसा? शिखराकडे बघूच नका, तळ बघा. सण नसलेल्या आठवड्यांत मागणी दरवर्षी वर सरकतेय का? मोदकांच्या बाबतीत चतुर्थी तर वगळाच, पण अंगारकी आणि माघी गणेश जयंतीचे आठवडेही वगळा. मात्र हा तळ गूगल ट्रेंड्सवर मोजता येत नाही. गणपतीचा आठवडा 100 असला की बाकीचं वर्ष पार खाली चेपलं जातं, आणि 1 चा 2 झाला तरी ‘दुप्पट’ म्हणून मिरवता येतं. तिथे तुमचं बिलबुकच खरं. दोन वर्षं ओळीने मे महिन्यातल्या साध्या मंगळवारी मोदक जास्त गेले असतील, तर तो ट्रेंड. मग वर्षभराच्या रील्सवर खुशाल खर्च करा.

सीझन कॅलेंडरमधलाच असतो असंही नाही. 2021 च्या लॉकडाऊनमध्ये क्लबहाउस या नुसत्या आवाजी गप्पांच्या अ‍ॅपवर झुंबड उडाली, माणसं घराबाहेर पडली आणि ती ओसरली. उलट छोटा व्हिडिओ: जून 2020 च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं, सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्स इथेच सुरू झालं. अ‍ॅप गेलं तरी सवय गेली नाही. ‘येत्या वर्षाचे 10 ट्रेंड’ छापाच्या डिसेंबरातल्या याद्यांमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच पंगतीला बसवलेल्या असतात.

2026 ला अधिक ज्येष्ठ असल्याने चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, 2025 पेक्षा 18 दिवस उशिरा. त्या ऑगस्टचा आलेख आदल्या ऑगस्टपुढे मरगळलेलाच दिसणार. तो पाहून जाहिरात थांबवायची नाही, उकडीच्या पिठाची ऑर्डरही कमी करायची नाही. बुकिंगची पहिली पोस्ट 24 ऑगस्टला, म्हणजे उणे 21 ला टाका.