स्वादुपिंड कुजल्यावर घाई का नको?

स्वादुपिंडातले पाचक विकर आतड्यात पोचल्यावरच कामाला लागायला हवेत. पित्ताशयातला खडा वाटेत अडकला किंवा दारूने ग्रंथीला इजा झाली, की ते जागच्या जागीच सक्रिय होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. बहुतेक रुग्ण सलाइन आणि वेदनाशामकांवर सावरतात. पाचातल्या साधारण एकाच्या बाबतीत मात्र ग्रंथीचा किंवा भोवतालच्या चरबीचा काही भाग मरतो. त्यात जंतू शिरले, की गोष्ट जिवावर बेतते.

पूर्वी अशा वेळी पोट उघडून कुजलेला भाग हातानेच काढत. तर्क सरळ होता, पण फुप्फुसे आणि मूत्रपिंडे आधीच थकलेल्या रुग्णाला एवढा घाव सोसत नसे. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत मेलेला भाग कुठे संपतो आणि जिवंत कुठे सुरू होतो, हेच कळत नाही; ओढताना रक्तवाहिनी फाटते. चारेक आठवड्यांत त्याभोवती जाड आवरण धरते. मग काम बरेच सुरक्षित होते.

2010 साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 88 रुग्णांवर ही उघडी शस्त्रक्रिया आणि एक नवी पद्धत ताडून पाहिली. नव्या पद्धतीत आधी फक्त एक नळी, शक्यतो डाव्या कुशीतून, सोडून पू वाहू द्यायचा. भागले नाही तरच त्याच वाटेने दुर्बीण घालून कुजका भाग काढायचा. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू उघड्या शस्त्रक्रियेत 69 टक्के, नव्या पद्धतीत 40 टक्के. पस्तीस टक्के रुग्णांचे नळीवरच भागले. मृत्यूंच्या संख्येत मात्र फारसा फरक पडला नाही, हे उत्साहाच्या भरात अनेकदा सांगायचे राहून जाते.

पुढे तोंडातून एंडोस्कोप, म्हणजे लवचीक दुर्बीण, घालून जठराच्या भिंतीतूनच वाट काढता येऊ लागली. तिथे स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी छोटी नळी, बसवला, की घाण जठरातच उतरते आणि कातडीला भोकही पडत नाही. यात स्वादुरस बाहेर झिरपत राहण्याचा त्रास खूपच कमी होतो.

मला सर्वांत बोलका वाटतो तो 2021 मधला डच अभ्यास. जंतुसंसर्ग कळताच नळी घालावी, की अँटिबायोटिक देऊन आवरण धरेपर्यंत थांबावे? थांबलेल्या गटातल्या 39 टक्के रुग्णांना नळीची गरजच पडली नाही. अर्थात आतडे फुटले किंवा रक्तस्राव इतर उपायांनी आवरला नाही, तर आजही पोट उघडावेच लागते.