ग्लॉस्टरशरची कॉटेज आधी कुणाची होती?

बायबरी गावात कोल्न नदीच्या काठाला उतरत्या छपरांच्या दगडी घरांची एक ओळ आहे, आर्लिंग्टन रो. ग्लॉस्टरशर काउंटीत, कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांत कॉटेज घेऊन चार दिवस राहायचं ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा हेच दृश्य असतं. गंमत अशी, की ही इमारत मुळात माणसांसाठी बांधलेलीच नव्हती. 1380 च्या सुमारास मठाची लोकर साठवायला ती उभी राहिली. सतराव्या शतकात आत भिंती घालून विणकरांची बिऱ्हाडं केली गेली. गिरणीत कुटून घट्ट केलेलं कापड समोरच्या ओलसर कुरणात लाकडी चौकटींवर ताणून वाळवत. त्या कुरणाला आजही रॅक आयल म्हणतात.

मध्ययुगात इथला पैसा सगळा मेंढीच्या पाठीवर होता. चिपिंग कॅम्पडनच्या चर्चमध्ये विल्यम ग्रेव्हेल या व्यापाऱ्याचा पितळी स्मृतिपट आहे. 1401 मध्ये तो वारला, आणि पटावर त्याला सगळ्या इंग्लंडच्या लोकर-व्यापाऱ्यांतलं फूल म्हटलं आहे. नॉर्थलीचच्या चर्चमध्ये तर व्यापाऱ्यांच्या पायाशी मेंढ्या आणि लोकरीची पोती कोरली आहेत. ज्याच्या जिवावर मोठे झालो ते पायाशी ठेवायचं, पण लपवायचं नाही, हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

व्यापाऱ्याच्या वाड्याला मात्र कुणी कॉटेज म्हणत नसे. कॉटेज म्हणजे मजुराचं घर. 1589 च्या कायद्याने नव्या कॉटेजला किमान चार एकर जमीन जोडणं बंधनकारक केलं आणि एका घरात एकच कुटुंब राहावं असंही सांगितलं. हेतू असा, की बिनजमिनीची माणसं गावाच्या माथी बसू नयेत. हा कायदा 1775 मध्ये रद्द झाला. तोवर संसदेच्या एकामागून एक कायद्यांनी गायरानं कुंपणाआड जाऊ लागली होती. गाय चारायला, जळण गोळा करायला जिथे जायचं तीच जागा गेली, आणि कॉटेजवाल्याकडे चार भिंती व रोजंदारी एवढंच उरलं.

त्याच सुमाराला टेकड्यांत दुसरीकडून पैसा येत होता. वॉरन हेस्टिंग्जने 1788 मध्ये डेल्सफर्डची वडिलोपार्जित इस्टेट परत विकत घेतली. हा तोच गव्हर्नर जनरल, ज्याच्या काळात पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं आणि 1782 मध्ये सालबाईचा तह झाला. जवळच सेझिनकोटला ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलने 1805 च्या सुमारास मोगल धाटणीचं, हिरव्या तांब्याच्या घुमटाचं घर बांधून घेतलं. कॉट्सवोल्ड्सच्या मधासारख्या पिवळ्या दगडाचा तो घुमटवाला वाडा पाहताना हसावं की रडावं कळत नाही.

मग यंत्रं आली. कोळशाजवळच्या यॉर्कशरच्या गिरण्यांपुढे इथला कापडधंदा खचला. 1870 च्या दशकापासून अमेरिकेचं स्वस्त धान्य आलं आणि शेतीही बसली. तरुण माणसं शहरांत गेली. गावात हात सैल असता तर छपरं उतरवून वेल्सची पातळ स्लेट टाकली असती, खिडक्या मोठ्या केल्या असत्या. तसं फारसं घडलं नाही. खाली मोठ्या आणि वर लहान होत जाणाऱ्या दगडी फरशांची ती अवजड, खडी छपरं तशीच राहिली. आज पाहुणा ज्या ठेंगण्या दारात वाकतो, ते दार एवढी वर्षं टिकलं त्यात गरिबीचा वाटा मोठा आहे.

त्या गरिबीत सौंदर्य दिसायला बाहेरचा डोळा लागला. 1871 मध्ये कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिसने शेजारच्या ऑक्सफर्डशरमध्ये, केल्मस्कॉटला घर भाड्याने घेतलं. बायबरीला इंग्लंडमधलं सर्वांत सुंदर गाव म्हणणारा तोच. ग्लॉस्टरशरमधल्या ट्यूक्सबरीच्या ॲबीची, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चची, मूळ रूप पुसणारी 'दुरुस्ती' होणार हे ऐकून तो पेटला आणि 1877 मध्ये जुन्या इमारती वाचवणारी संस्था निघाली. 1902 मध्ये हस्तकलेचा पुरस्कर्ता सी. आर. ॲशबीने लंडनच्या ईस्ट एंडमधून आपल्या कारागिरांचा अख्खा गिल्ड, म्हणजे संघ, चिपिंग कॅम्पडनला हलवला. सहा वर्षांत तो मोडला. काही कारागीर मात्र तिथेच रमले.

1930 च्या सुमारास हेन्री फोर्डने तर चेडवर्थमधली एक कॉटेजच विकत घेतली. दगड न् दगड सुटा करून ती मिशिगनला नेली आणि आपल्या संग्रहालयात पुन्हा उभी केली. ज्याच्या मोटारींनी शहरी माणसाला खेड्यात आणलं, त्यानेच खेड्यातलं घर उचलून नेलं.

पगारी सुट्टीचा कायदा 1938 चा. कॉट्सवोल्ड्सला निसर्गसौंदर्याचं संरक्षित क्षेत्र म्हणून दर्जा मिळाला 1966 मध्ये. दोन्हींच्या मध्ये मोटार घरोघरी पोचली, शेतावरचं काम ट्रॅक्टरने घेतलं आणि मजुरांची घरं रिकामी होत गेली. ती शहरातल्या माणसांनी घेतली. आधी शनिवार-रविवारसाठी, नंतर भाड्याने द्यायला.

स्थानिकांना घर परवडत नाही ही तक्रार आता जुनी झाली. एप्रिल 2025 पासून इंग्लंडमधल्या नगरपालिकांना दुसऱ्या घरावर दुप्पट कर लावता येतो. तेच घर वर्षातून किमान 140 दिवस भाड्यासाठी खुलं ठेवलं आणि 70 दिवस खरोखर भाड्याने गेलं, तर ते घर न राहता व्यवसाय ठरतं. मग हा दुप्पट कर लागू होत नाही.