गुहावासी

गुहेत वस्ती करणारा तो गुहावासी. पाठ्यपुस्तकातला अश्मयुगीन माणूस, कपारीत तप करणारा जोगी आणि लेण्यातला भिक्खू, तिघांनाही हा शब्द चालतो. धम्मपदात तर चित्तालाच ‘गुहासय’ म्हटले आहे. हिणवायचे असेल तर मात्र लोक ‘आदिमानव’ म्हणतात. गुहावासी या शब्दाला विरक्तीचा मान चिकटलेला आहे.

मराठवाड्यात हा शब्द थोडा जपून वापरावा लागतो. गुहा निसर्गाने केलेली असते, लेणे माणसाने कोरलेले. अजिंठा, वेरूळ, पितळखोरे येथे राहणाऱ्यांनी आयती कपार शोधली नव्हती. त्यांच्यासाठी काळा बेसाल्ट फोडून घरे केली होती, आणि तीही बऱ्यापैकी सोयीची. अजिंठ्याच्या 12 क्रमांकाच्या विहारात मधल्या दालनाच्या तीन बाजूंना 12 खोल्या आहेत, प्रत्येकीत दगडाचेच दोन ओटे. एका खोलीत दोघे, असा साधा हिशेब. पाण्याची टाकीही कातळातच खोदलेली असत. कन्नडजवळच्या पितळखोऱ्यात डोंगरातून झिरपणारे पाणी काढून देण्यासाठी नाल्याच्या तोंडाशी चक्क पाच फण्यांचा नाग कोरला आहे. इतकी हौस असलेल्या वस्तीला रानटी कसे म्हणावे?

भिक्खूंनी एरवी फिरत राहावे आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी काढावेत, हा वर्षावासाचा नियम. त्यातून विहारांची गरज निर्माण झाली. पुढे वस्ती बारमाही झाली. ही माणसे जगापासून तुटलेली नव्हती. भिक्षेसाठी गाव हवे, खोदकामासाठी दाता हवा. पितळखोऱ्याच्या शिलालेखांत पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान नोंदलेले आहे.

वेरूळच्या 34 लेण्यांपैकी पहिली 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि शेवटची पाच जैन. पण हिंदू लेणी मुख्यतः देवालये. राहण्याच्या खोल्यांची रेलचेल बौद्ध विहारांतच दिसते. धाराशिवच्या लेण्यांत जैन परंपरा ठळक आहे. खरोसा, अंबाजोगाई येथेही लेणी आहेत.

मूळ रहिवासी गेल्यावरही ही दालने अगदीच ओस पडली नाहीत. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचा मुक्काम वेरूळच्या लेण्यांत होता. लीळाचरित्रात हे स्थान ‘एळापूर’ या नावाने येते.